तार जोडली, आवाजाचे काय?

जानेवारी २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात यवतमाळात एक गंमत झाली. तिला गंमत म्हणावे की नामुष्की, हे ज्याने त्याने ठरवावे. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आमच्या गावात मराठी साहित्य संमेलन भरले होते. तो मान पुन्हा मिळायला ४५ वर्षांहून अधिक काळ गेला. ११ ते १३ जानेवारीला ९२ वे संमेलन ठरले. डॉ. अरुणा ढेरे अध्यक्ष आणि उद्घाटनाला नयनतारा सहगल. मग इंग्रजीत लिहिणाऱ्या बाई मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप निघाला, उधळून लावण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी दिलेले निमंत्रण परत घेतले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. ज्या बाईंचे वडील रणजित सीताराम पंडित यांनी 'राजतरंगिणी' इंग्रजीत नेली, त्या मराठी माणसाच्या मुलीला परकी ठरवून आपण मोकळे झालो. पाहुण्याला दारातून परत पाठवण्याची रीत वऱ्हाडात नाही, म्हणून यवतमाळकरांना ते जास्त लागले.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. बाई आल्या नाहीत, त्यांचे भाषण मात्र आले. लेखकाचे स्वातंत्र्य, देशाची विविधता, वाढती असहिष्णुता यांवर त्यांनी लिहून ठेवलेले भाषण उद्घाटनाच्या आधीच मराठी होऊन लोकांच्या हातात पडले. वृत्तपत्रांत आले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. माझ्या फोनवर ते चौघांकडून आले. त्यातले दोघे एरवी 'शुभ सकाळ' आणि गुलाबाच्या फुलापलीकडे कधी जात नाहीत. संमेलनाच्या मंडपात उद्घाटकांचे भाषण रीतसर झाले असते, तर टाळ्या पडल्या असत्या, दुसऱ्या दिवशी दोन रकाने छापून आले असते आणि चहापाण्याच्या रांगेत आपण ते विसरूनही गेलो असतो. बंदी घातल्याने ते घरोघर वाचले गेले. उद्घाटनाच्या वेळी काही महिला सहगल यांचे मुखवटे लावून मंडपात बसल्या होत्या. त्यांना भाषण ऐकायचे होते असे म्हणता येणार नाही. ते त्यांनी वाचलेलेच होते.

याच्या शेजारी १९७५ चे कऱ्हाडचे संमेलन ठेवून पाहावे. आणीबाणी होती. अध्यक्षपदी दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी आणीबाणीला उघड विरोध केला, तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. तिथे भाषण थांबवायला कुणी धजले नाही. पण वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा हात होता, त्यामुळे कऱ्हाडच्या मंडपाबाहेरच्या महाराष्ट्राला ते तोंडातोंडी कळले, तेही अर्धेमुर्धे. कऱ्हाडला व्यासपीठ मोकळे होते आणि बाहेर जाणारी वाट बंद होती. यवतमाळला व्यासपीठ बंद झाले आणि वाट सताड उघडी राहिली. इंटरनेटने काय बदलले, असे कुणी विचारले तर मी ही दोन संमेलने सांगतो.

ही वाट आपल्या लिपीत उघडायलाही वेळ लागला, हे आज कुणाच्या लक्षात नसते. संगणक आला तेव्हा मराठी टाइप करता येई, पण प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा. यवतमाळात लिहिलेला मजकूर पुण्यातल्या संगणकावर उघडला की पडद्यावर चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हे उमटत. पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर खूप काम झाले, पण सामान्य माणसापर्यंत खरा फरक युनिकोडने पोचवला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, आणि पुढे फोनवर आली. एका फोनवरचा 'क' दुसऱ्या फोनवरही 'क'च दिसू लागला. हे झाले नसते तर सहगल यांचे भाषण फार तर छायाचित्र होऊन फिरले असते.

आमचा जिल्हा तसा आडबाजूचा. १६ तालुके, २०११ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या, कापूस, तूर, सोयाबीन, आणि बाहेरच्यांना आमचे नाव ठाऊक झाले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. मूर्तिजापूरहून येणारी आमची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने देशातल्या सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. वर्ध्याहून येणाऱ्या मोठ्या लाइनीची गाडी कळंबपर्यंत धावायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. म्हणजे आमच्याकडे जगाची तार आधी आली आणि रुळाचे काम मागून. सुरुवातीला ती तारही महानगरांपुरतीच होती. इथल्या हौशी माणसाला जवळच्या मोठ्या शहराला एसटीडी लावून जोडणी घ्यावी लागे, म्हणजे इंटरनेटचे पैसे वेगळे आणि ट्रिंग ट्रिंगचे वेगळे. मग सायबर कॅफे आले. प्लायवूडचे कप्पे, तासावर पैसे, बारावीच्या निकालाच्या दिवशी दारात चपलांचा ढीग. अमेरिकेतल्या पुतण्याचे पत्र कॅफेवाल्याकडून छापून आणून आजोबांना वाचून दाखवणारी घरे मी पाहिली आहेत. त्यात आपले पत्र कॅफेवाल्याने वाचले असेल, याचे कुणाला काही वाटत नसे. पोस्टमनही वाचतच होता की!

तरीही मत मांडण्याची सवय या मातीला नवी नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक १९१८ मध्ये यवतमाळातच काढले. त्या काळात १९१० चा प्रेस कायदा लागू होता. सरकार छापखान्याकडून जामीन म्हणून रक्कम मागे आणि मजकूर खटकला की ती जप्त करी. मत असायला हरकत नव्हती. ते छापायला पैसा आणि धाडस दोन्ही लागे. याच अण्यांनी १९३० च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रहात गवत कापून कायदा मोडला. तेव्हा आपल्या जिल्ह्याविषयी जिल्ह्यानेच बोलायचे, ही गोष्ट इथे शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली आहे. इंटरनेट आल्यावर ती सोपी व्हायला हवी होती. झाली का, हा माझा प्रश्न आहे.

२०१५ च्या डिसेंबरात मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला होता. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' नावाची योजना तेव्हा वादात होती, तिची ती वकिली होती. त्या लेखात महाराष्ट्रातला गणेश नावाचा एक शेतकरी आहे. हा गणेश फुकटच्या इंटरनेटवर पावसाचा अंदाज बघतो, मालाचे भाव बघतो, चांगला सौदा करतो आणि मग नवी पिके आणि जनावरे यांत पैसा घालतो. लेख वाचून मी आमच्या बाजारातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "भाव दिसून काय होते जी? भाव तं आमाले पयलेही दिसे. फळ्यावर लिवलेला राहे."

योजना काय होती, ते थोडक्यात सांगायला हवे. काही निवडक संकेतस्थळे फुकट बघायची, बाकीच्यांना पैसे मोजायचे, आणि निवडक कोणती ते कंपनीच्या अटींवर ठरणार. कापसाची गाडी एका विशिष्ट अडत्याच्या दारापर्यंत कुणी फुकट नेऊन देईल, पण दुसऱ्या अडत्याकडे वळवली की भाडे लागेल, तर शेतकरी कुणाकडे जाईल? आणि भाव कोण ठरवील? २०१५ च्या एप्रिलमध्येच असल्या भेदाविरुद्ध दहा लाखांवर ई-मेल दूरसंचार नियामकाकडे गेले होते. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियामकाने निकाल दिला की मजकूर पाहून वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. निर्णय बरोबर होता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आले, पाठोपाठ डेटा इतका स्वस्त झाला की फुकटच्या तुकड्याची गरजच उरली नाही.

पण एक गोष्ट मनात राहून गेली. त्या वादात एका बाजूने गणेशच्या नावाने कंपनी बोलत होती. दुसऱ्या बाजूने त्याच्याच हितासाठी महानगरांतले तंत्रज्ञ आणि वकील बोलत होते. ते प्रामाणिक होते, आणि बहुतेक सगळे इंग्रजीत बोलत होते. गणेश त्या लेखात काही बोलत नाही. त्याचे आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. तो उदाहरण आहे.

तीन वर्षांनी हेच आमच्या संपूर्ण जिल्ह्याच्या वाट्याला आले.

राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या त्या वाघिणीची गोष्ट वाचकांना आठवत असेल. वनखात्याच्या दप्तरी ती टी-१. 'अवनी' हे नाव तिला प्राणिप्रेमींनी दिले, आणि नाव मिळाले की माणूस काय, वाघीण काय, फोटोसकट जगभर जाते. २०१६ ते २०१८ या काळात त्या भागात तेरा माणसे मारली गेली. ती सगळी हिनेच मारली का, यावर वाद होता आणि तो खोटा वाद नव्हता. पण तेरा घरांत माणूस गेला, याबद्दल वाद नव्हता. २०१८ च्या एका ऑगस्टमध्येच तिघे गेले. बोराटी, सराटी, लोणी या गावांतली माणसे गुरे घेऊन जायला भीत होती. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री वावरात जागलीला जावे लागते. ती जागली बंद पडली. वेचणीला बाया घोळक्याने जात आणि उन्हे उतरायच्या आत परतत. सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ ला वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग शोध सुरू झाला. ड्रोन आले, पॅराग्लायडर आले, परदेशी जातीचे कुत्रे आले, कॅल्विन क्लाइनचे अत्तर शिंपडून वाघिणीला भुलवण्याचा प्रयोग झाला. हत्ती आणले, तर त्यातला एक साखळी तोडून सुटला आणि एका बाईचा जीव घेऊन बसला. वाघिणीपासून वाचवायला आणलेल्या हत्तीने ती गेली. हे मात्र त्या मानाने फारसे कुणी फोनवर फिरवले नाही.

त्याच वेळी इंटरनेटवर 'लेट अवनी लिव्ह' ही मोहीम जोरात होती. अर्जांवर देशोदेशींच्या लोकांच्या सह्या पडत होत्या. मुंबईत, दिल्लीत, बंगळुरूत फलक घेऊन लोक उभे राहिले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली, आणि पुढचे चार दिवस ट्विटरवर यवतमाळ नावाच्या जिल्ह्यात जणू क्रूर माणसे राहतात असे वातावरण होते. केंद्रीय मंत्र्यांनी राज्याच्या वनमंत्र्यांवर जाहीर टीका केली. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले, त्याची चित्रे फिरली आणि त्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, नियम पाळले का, हे प्रश्न रास्त होते. व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीतही नियमभंगाचे ताशेरे आलेच. मोहिमेत उतरलेल्यांनी हे प्रश्न विचारले नसते तर ते विचारलेही गेले नसते, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. माझी तक्रार दुसरी आहे. त्या लाखो शब्दांत बोराटीचा, सराटीचा एक शब्द शोधायला दुर्बीण लागली असती.

तिकडच्या एका शेतकऱ्याशी नंतर बोलणे झाले. स्मार्टफोन त्याच्या खिशात होता, डेटा होता, टॉवरही दिसत होता. मी विचारले, तुम्ही का नाही लिहिलेत काही? तो हसला. "लिवाले येते जी. पण वाघीण आमच्या धुऱ्यावर, आन् बोलून रायले मुंबईवाले. आमी मराठीत लिवलं तं वाचते कोन?" त्याच्याकडे इंटरनेट नव्हते असे नाही. त्याला कुणी अडवले नव्हते. कायद्याने त्याला मुंबईवाल्याइतकेच स्वातंत्र्य होते. फक्त इंग्रजीतला हॅशटॅग कसा चालवायचा, कुणाला जोडायचा, कोणत्या वेळी टाकायचा आणि आपल्या मागे हजार माणसे कशी उभी करायची, ही जी नव्या काळची अडत आहे, तिच्यात त्याचे दुकान नव्हते. इंटरनेटच्या स्वातंत्र्याचा विचार करताना आपण सगळे लक्ष तोंड कोण दाबतो याकडे देतो. ते द्यायलाच हवे. पण मोकळ्या सोडलेल्या तोंडाचा आवाज कुठवर जाईल, हे आधीच कुणीतरी वाटून घेतलेले असते, आणि ती वाटणी कुठल्या राजपत्रात छापून येत नाही. २०२१ मध्ये त्या प्रकरणाची आठवण करून देणारा 'शेरनी' हा हिंदी चित्रपट लोकांनी फोनवरच पाहिला. चांगला चित्रपट. चित्रीकरण मध्य प्रदेशात झाले होते.

बोराटीनंतर जेमतेम दहा आठवड्यांनी ते संमेलन आले. म्हणूनच मला त्याचे दुसरे अंग अधिक मोलाचे वाटते. सहगल येणार नाहीत म्हटल्यावर उद्घाटनाला वैशाली येडे यांना बोलावले. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या बाई. नवरा आत्महत्येत गेला, पदरी मुले, मागे शेती. शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केले होते. आयोजकांनी त्यांना अडचणीतून सुटायला बोलावले, असे म्हणणारे होते आणि ते अगदीच चूक नव्हते. पण बाई उभ्या राहिल्या आणि मागे उरलेल्या बाईचे काय होते, हे त्यांनी आपल्या बोलीत, साहित्यिकांच्या पहिल्या रांगेकडे बघत सांगितले. त्याच संध्याकाळी त्या भाषणाची चित्रफीत फोनाफोनी निघाली. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीने ती मलाच पाठवली आणि खाली लिहिले, "तुमच्याकडची बाई!" यवतमाळबद्दल खूप लोक खूप वर्षे बोलले, या वेळी यवतमाळची बाई बोलत होती आणि पुणे ऐकत होते. दोन भाषणे, एक न झालेले आणि एक अचानक ठरलेले, एकाच तारेवरून गेली.

आता या तारेची दुसरी बाजू. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरते आहे या अफवेवरून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारले. पोटासाठी गावोगाव हिंडणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती ती. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्या होत्या. त्या दिवसांत त्या आमच्या गटांतही फिरत होत्या, आणि पाठवणारे गुंड नव्हते. मास्तर होते, नातवंडे असलेल्या आज्या होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. ही मर्यादा मला जाचक वाटत नाही. कुणाचे बोलणे त्यात बंद झाले नाही; न वाचता पुढे ढकलण्याचा वेग तेवढा कमी झाला.

अशा घटनांचे निमित्त करून मग सरळ इंटरनेटच बंद करण्याची सवय लागते. १३ नोव्हेंबर २०२१ ला आमच्या शेजारच्या अमरावतीत बंदच्या वेळी हिंसा झाली आणि शहराचे इंटरनेट बंद केले गेले. मे २०२३ मध्ये अकोल्यात तेच झाले, आणि २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये. दंगल आवरायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याची अडचण मी समजू शकतो. पण नेट बंद होते तेव्हा कुणाचे काय बंद होते, हेही बघावे. माझ्या परिचयातली एक मुलगी तेव्हा अमरावतीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. तिचे वर्ग फोनवर, नोट्स फोनवर, खानावळीचे पैसे फोनवर. चार दिवस ती आईला एकच सांगत राहिली, मी बरी आहे, पैसे पाठवू नका, पोचणार नाहीत. अफवा मात्र बंद झाल्या नव्हत्या. खरे काय ते बघायचा मार्ग बंद झाल्याने त्या खानावळीत ताटावर ताट वाढल्यासारख्या वाढत होत्या.

सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या संदर्भात, अनुराधा भसीन यांच्या खटल्यात, १० जानेवारी २०२० ला सांगून ठेवले आहे की इंटरनेटवरून बोलण्याचे आणि व्यापार करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेल्या हक्कांत बसते. बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात नियमांतही एका आदेशाला जास्तीत जास्त १५ दिवसांची मुदत आली. कागदावर चांगले आहे. आपल्यापैकी किती जणांनी असा प्रसिद्ध झालेला आदेश डोळ्यांनी पाहिला आहे? माझ्या हाती तरी तो कधी पडला नाही. फोनवरचे गोल चक्र फिरत राहते, तोच आपल्यासाठी आदेश.

जुनी एक आठवणही इथे सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या आवडल्याचे बटण दाबले, आणि दोघींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा बोलबाला झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवले. पण त्या अटकेचा धाक कलमाबरोबर गेला नाही. आजही आमच्याकडे गटावर एखादा जरा तिखट लिहितो आणि मिनिटाभरात त्याची बायको फोन हातातून घेऊन ते पुसून टाकते. कलमांपेक्षा घरातला हा सेन्सॉर कडक आहे. त्याच्यापुढे कुठल्या न्यायालयात दाद मागणार?

आणि आता तर तारेपासून दूर राहायची सोयही उरलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पीक नोंदवी. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून फोनमध्ये पिकाचा फोटो घालायचा. कल्पना वाईट नाही. तलाठ्याच्या मागे फिरायचे हेलपाटे वाचतात, आणि शेतातले पीक शेतकऱ्यानेच सांगायचे ही त्यातली गोष्ट मला आवडते. पण फोन साधा असला, डोळ्याला कमी दिसत असले किंवा टेकडीआड सिग्नल नसला, की शेजारच्या पोराला वीस-पन्नास रुपये देऊन नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसली तर पुढे खरेदी केंद्रावर, विम्याला, मदतीला अडते. म्हणजे बोलायचे स्वातंत्र्य असो नसो, सरकारशी बोलायची सक्ती फोनवरूनच. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या पोडांवर तर याची गाठ आणखी घट्ट बसते.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. आमच्या जिल्ह्यात ती पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते आणि शेजारच्या आदिलाबादच्या बाजूलाही. बंजाऱ्यांच्या गोरमाटीतली गाणी आज यूट्यूबवर मुबलक सापडतात. पुसद-दिग्रसच्या तांड्यावरची लग्ने त्यांच्यावर नाचतात. कोलामीचे तसे झालेले नाही. फोनवर भाषा निवडायची यादी उघडली की तिच्यात मराठी आहे, तेलुगू आहे, हिंदी तर आहेच, कोलामी नाही. सरकारी अर्ज मराठीत, अ‍ॅप मराठीत किंवा इंग्रजीत. हा फोन वापरायचा तर आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवायची, असे कुणी सांगितलेले नसते, पण घडते तसेच.

गेल्या उन्हाळ्यात केळापूरकडच्या एका पोडावर एका तरुणाला मी विचारले, आदिलाबादकडच्या नातेवाइकांशी फोनवर तू काय लिहितोस? तो म्हणाला, लिहीत नाही. आवाज पाठवतो. मग त्याने दाखवले. आजीने गायलेली लग्नातली कोलामी गाणी होती, एकामागून एक, मिनिट-दीड मिनिटाची, तिकडच्या आतेभावाला पाठवलेली. तिकडूनही उत्तरादाखल गाणी आलेली होती, तिकडच्या म्हातारीच्या आवाजात. दोघी एकमेकींना भेटून पंधरा-वीस वर्षे झाली असतील, असे तो म्हणाला. आजी शेजारीच बसली होती. मी ऐकतो आहे हे बघून तिने नातवाला काहीतरी सांगितले. त्याने हसत फोन पुन्हा तिच्या तोंडाजवळ धरला. मधल्या एका गाण्यात तिला खोकला आला होता, ते तिला नव्याने म्हणायचे होते.